‘द ज्युएल इन द क्राउन’: गळे काढणं म्हणायचं का याला?

डोंगरवाट:
काल ‘माणदेशी’ यांनी लिहिलं, “ही मालिका म्हणजे गेलेल्या राज्याच्या नावाने गळे काढणं, आज कुणी बघू नये.” वाचून झोप लागली नाही. इंग्रज राजवटीच्या अखेरच्या वर्षांवरच्या, ग्रॅनडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीच्या या मालिकेचे चौदाही भाग १९८४ साली मी इंग्लंडमध्ये लेस्टरला वडिलांशेजारी बसून पाहिलेत. हरी कुमार झालेला आर्ट मलिक पडद्यावर आला की वडील चहाचा कप खाली ठेवायचे. आपल्या रंगाचा माणूस, आणि तो नोकर नाही, दुकानदार नाही!
आणि साहेबाचं कौतुक कुठे दिसलं तुम्हाला? इंग्रज पोलीस अधिकारी मेरिक कोठडीत हरीला बांधून वेताने फोडतो. त्याला सलतं काय, तर हरीचं इंग्रजी. हरी इंग्लंडच्या भारी शाळेत शिकलेला, मेरिक साध्या घरातला. जातीत वाढलेल्या आपल्याला हे कुणी समजावून सांगायला हवं का?

माणदेशी:
शब्द मागे घेणार नाही. गोष्ट १९४२ला सुरू होते, पण ‘चले जाव’ची चळवळ दिसते ती बंगल्याच्या व्हरांड्यातून. मालिका आली त्याच वर्षी लेखक सलमान रश्दींनी लिहिलं होतं की हिंदी माणसं इथे स्वतःच्याच इतिहासात किरकोळ भूमिका करतात.
माझे आजोबा ९ सप्टेंबर १९४२ला वडूजच्या मोर्चात होते. गोळीबारातून वाचले, पुढे धरले गेले. तळपायांवर इतकं मारलं की म्हातारपणीही पहाटे उठताना भिंतीला धरून एकेक पाऊल टेकायचे. त्यांच्यावर कुणी काढले चौदा भाग?

रातराणी:
अगदी! इंग्रजांना न जुमानता साताऱ्यात चाललेल्या पत्री सरकारवर मराठीत मालिका का नाही? क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडल, तुफान सेना, सगळं तयार आहे. आपल्याकडे मात्र एकाच मंगळसूत्रावर तीन वर्षं काढतात. चौदा भागांत गोष्ट संपवायची हिंमत आहे का कुणाची?

माणदेशी:
पत्री नव्हे, प्रतिसरकार म्हणा. बैलाला पत्र्या ठोकतात तशा माणसांना ठोकल्या, ही बदनामी आहे.

कृष्णाकाठ:
पत्र्या ठोकल्या नसतील, पण काठीने तळपाय फोडायचे की नाही? माझ्या आजीच्या भावाला खबऱ्या म्हणून रात्री उचलून नेलं. तो खबऱ्या नव्हता, बांधाचं भांडण होतं. तोही जन्मभर लंगडला. हे कुणी दाखवील का?

माणदेशी:
सावकार आणि दरोडेखोरांपासून गावं कुणी वाचवली? घरबसल्या हुतात्म्यांवर चिखल उडवू नका!

कृष्णाकाठ:
चिखल नाही, माझ्या घरातलं सांगतोय. तुमच्या आजोबांचे पाय ते पाय, आणि आमच्या मामाआजोबांचे?

रातराणी:
दोघेही जरा दमाने घ्या. झोहरा सेहगल आठवतात का कुणाला? लेडी चटर्जी झाल्या होत्या. त्या पडद्यावर असल्या की किरकोळ कोण वाटतं, सांगा.

डोंगरवाट:
मालिका मला आवडते ती याच कारणाने. आपला माणूस मारणाराही असू शकतो, हे ती बोलते. शेवटच्या भागात फाळणीच्या दंगलीत हिंदू जमाव गाडी अडवतो. आतल्या गोऱ्या सहप्रवाशांना काही होऊ नये म्हणून अहमद कासिम हा मुसलमान तरुण, त्यांना हवाय तो बहुधा मीच, एवढं म्हणून डब्याचं दार उघडतो आणि उतरतो. तेव्हा वडील उठून स्वयंपाकघरात गेले. फाळणीबद्दल ते कधीच बोलले नव्हते, त्या रात्रीही बोलले नाहीत. बराच वेळ नुसता नळ वाहत होता.

माणदेशी:
कृष्णाकाठ, तुमच्या मामाआजोबांबद्दल वाईट वाटलं. प्रतिसरकार चुकलं असेल तिथे चुकलं. यापुढे मी जाणार नाही.
डोंगरवाट, मिशनची ती क्रेनबाई मारल्या गेलेल्या चौधरीमास्तरांचा हात धरून पावसात रस्त्याकडेला बसून राहते, तेवढा प्रसंग मलाही विसरता आलेला नाही. पण त्यानंतर मालिका लेटन या इंग्रज लष्करी कुटुंबाच्या घरात शिरते आणि मास्तर रस्त्यावरच राहतात. माझं भांडण तिथे आहे.