ताओताओमोना : भूत, पितर की राखणदार?

प्रश्न : प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरच्या मूळ रहिवाशांच्या, चामोरोंच्या, लोककथा मराठीत आणतेय. त्यांत 'ताओताओमोना' पावलोपावली भेटतात. वडात राहतात, रानात न विचारता शिरलं तर चिमटे काढतात, मग अंगावर काळेनिळे डाग उठतात, पाय सुजतो. इंग्रजीत सरळ 'घोस्ट' केलंय. 'भुतं' लिहून मोकळी होऊ का?

उत्तर : नको, ताई. शब्द फोडून बघा. 'ताओताओ' म्हणजे माणसं, 'मोना' म्हणजे पुढे किंवा आधी (मो म्हटल्यावर घशात किंचित अडकायचं, मग ना). आधी होऊन गेलेली माणसं. 'पूर्वज' हा शब्दही असाच घडलाय, संस्कृतात 'पूर्व' म्हणजे आधीचा आणि पुढचाही. गंमत म्हणजे 'भूत'सुद्धा मुळात 'होऊन गेलेलं'च, भूतकाळातलं भूत तेच. म्हणजे व्युत्पत्ती तुमच्या बाजूने आहे. पण आज 'भूत' वाचलं की लोक मांत्रिक आणि लिंबू शोधायला लागतात, आणि ताओताओमोनांना कुणी पिटाळत नाही. रान त्यांचं, आपण उपरे.

म्हणून रानात शिरताना, अगदी आडोशाला लघवी करायची असली तरी, आधी म्हणायचं, 'ग्वेला यान ग्वेलो', आजी आणि आजोबा, तुमच्या जमिनीवरून जाऊ द्या; तुम्ही आमच्याकडे आलात तर न विचारता खुशाल जा. ही दोन्ही संबोधनं स्पॅनिश 'आबुएला' नि 'आबुएलो'वरून आलीत. बेटावर स्पेनची सत्ता येण्याच्या कितीतरी आधीच्या पूर्वजांना हाक मारायची ती स्पॅनिश शब्दांनी! न विचारल्याने सूज आलीच, तर सुरुहानुकडे, म्हणजे झाडपाल्याच्या वैद्याकडे जातात. हा शब्दही स्पॅनिशच, 'सिरुहानो', शल्यवैद्य.

दुसरा प्रतिसाद : आमच्या कोकणात याला राखणदार म्हटलं असतं. हद्दीत शिरताना मनात गाऱ्हाणं घालतोच की.

उत्तर : वृत्ती तीच, दादा, मान्य. पण राखणदार गाव राखतो, त्याबदल्यात नारळ-कोंबडा घेतो. ताओताओमोनांशी असा करार नाही. कुणाकुणाला त्यांच्यातला एखादा 'गाचोंग', म्हणजे सोबती, म्हणून लाभतो आणि त्या माणसात अचाट ताकद येते अशा गोष्टी आहेत, पण तो ज्याच्या-त्याच्यापुरता मामला. 'पितर'ही बसत नाही, कारण पितर ज्याच्या-त्याच्या कुळाचे, हे अख्ख्या जमिनीचे. माझं मत : मूळ शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'रानातले पूर्वज' म्हणा, पुढे वाचक सांभाळून घेईल.

मात्र 'आनिती' शब्द आला तर जपून. जुन्या चामोरोत तो पूर्वजांच्या आत्म्यांसाठी होता. फिलिपीन्समधला 'आनितो' त्याचाच भाऊबंद. घराघरांत पूर्वजांच्या कवट्या जपलेल्या असत. 1668 मध्ये दिएगो लुईस दे सान व्हितोरेस यांच्याबरोबर जेझुइट या कॅथलिक संघाचं मिशन आलं, कवट्या फोडल्या गेल्या, आणि 'आनिती'चा अर्थ होऊन बसला सैतान. तेव्हा गोष्ट कुठल्या काळातली आहे ते बघूनच शब्द निवडा.

पुन्हा प्रश्न : चामोरोंच्या सृष्टीच्या जन्मकथेत, पुंतानच्या गोष्टीत, त्याच्या डोळ्यांचे सूर्य-चंद्र होतात, भुवयांची इंद्रधनुष्यं, छातीचं आकाश, पाठीची पृथ्वी. पुरुषसूक्त आठवलं. 'आदिपुरुष' लिहू?

उत्तर : आठवणारच, 'चक्षोः सूर्यो अजायत' कानात असतं. पण एकाने दुसऱ्याकडून उचललं असं सुचवू नका, देहातून विश्व घडल्याच्या कथा जगात पुष्कळ आहेत. शिवाय फरक मोठा आहे. तिथे देव पुरुषाचा यज्ञ करतात. इथे पुंतान मरताना बहिणीला, फुउनाला, सांगून जातो आणि सगळी घडवणूक ती करते. शेवटी ती स्वतःच खडक होते आणि त्यातून माणसं येतात. ग्वाममधल्या उमाताक गावाजवळ फोउहाच्या उपसागरात तो खडक दाखवतात, आजही लोक दरवर्षी तिथे जातात. 'आदिपुरुष' म्हटलंत की फुउना गायबच झाली. 'पहिली भावंडं' म्हणा.

दुसरा प्रतिसाद : आणि जलपरी झालेल्या सिरेनाची गोष्ट? पाण्यात डुंबते म्हणून आई वैतागून 'मासाच हो' म्हणते, आणि 'मातलिना', म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई, अडवते, 'तिचा माझ्या वाट्याचा भाग सोड', म्हणून कमरेवर मुलगीच राहते. या मातलिनेला काय म्हणायचं?

उत्तर : 'धर्ममाता' चालेल, पण ते पोथीतलं वाटतं. गोव्यातल्या कॅथलिक घरांत 'मादरीन' म्हणतात, तोही इबेरियातूनच आलेला, स्पॅनिश 'माद्रिना'चा पोर्तुगीज चुलतभाऊ. मी तोच घेईन.