कपाळावर खडे चिकटवायला सुपरग्लू नकोच

लेकीच्या गॅदरिंगसाठी कपाळावर खडे लावायचेत, घरातला सुपरग्लू चालेल का, असं विचारलंत. कृपा करून तो वापरू नका. त्यातलं सायनोअ‍ॅक्रिलेट कातडीला क्षणात धरतं, ओढलं की सालटं निघतं. कापसाला लागलं तर इतकं तापतं की चटका बसतो.

मी शाळेच्या नाटकांचा मेकअप करते. हलक्या टिकल्या-खड्यांना खोट्या पापण्यांचा ग्लू पुरतो. लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, नसलेला बघून घ्या, काहींना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असते. खड्याच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, मग अर्धा मिनिट थांबायचं. पांढरा ग्लू जरा पारदर्शक, चिकट झाला की खडा कपाळावर दाबायचा. घाईत ओलाच लावला तर खडा घसरत भुवईवर येतो. खोटी दाढी-मिशी चिकटवायचा स्पिरिट गम मी मुलांना लावत नाही, डोळ्यांजवळ तर कुणालाच नाही.

दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. खाज आली, लाल झालं तर तो ग्लू बाद. आणि काढताना ओढू नका हो. खोबरेल तेलाचा बोळा दोन मिनिटं धरला की खडा आपसूक सुटतो.