बाळाचं तोंड वाकडं झालंय: स्टिरॉइड द्यायचं की थांबायचं?

चिऊची आई: लेक दीड वर्षाची. काल सकाळी रडताना तोंड उजवीकडेच ओढलं जात होतं, डावा डोळा मिटेना, दूध डाव्या कोपऱ्यातून गळत होतं. सासूबाई म्हणाल्या, "वारं लागलं, एसीसमोर निजवलीस ना." एक डॉक्टर म्हणाले बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याची नस अचानक लुळी पडणं; आजच प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करा. दुसऱ्या म्हणाल्या, बहुतेक मुलं आपोआप बरी होतात. मी थांबायचं ठरवलंय. एवढ्याशा जिवाला स्टिरॉइड कशाला?

रगेल कोल्हापूरकर: चुकताय ताई. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोळातून जाते. सुजली की तिथंच चिमटते. मला झालं तेव्हा ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या, महिन्यात शिट्टी वाजवायला लागलो. बाळाचं हाड काय वेगळं असतं? दमेकरी पोरांना देतातच की हेच औषध!

पांढरा कोट: मी बालरोगवाला. तुमचा अनुभव मोठ्यांचा, आणि मोठ्यांत फायदा होतोच. मुलांचं तसं दिसलं नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ६ महिन्यांपासून १८ वर्षांखालच्या १८७ मुलांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये छापून आली. महिन्याभरात पूर्ण बरी झालेली मुलं: स्टिरॉइडवाली ४९ टक्के, खोट्या औषधावरची ५७.

रगेल कोल्हापूरकर: आणि सहा महिन्यांनी? मीही वाचलंय. ९९ विरुद्ध ९३! ते का गाळलंत?

पांढरा कोट: गाळलं, कबूल. पण ठरवली होती तेवढी मुलं मिळालीच नाहीत, त्यामुळे त्या फरकावर फार भार टाकता येत नाही. माझी भीती वेगळीच आहे. क्वचित रक्ताचा कर्करोग असाच सुरू होतो, आणि स्टिरॉइडनं तो झाकला जातो. म्हणून आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. ब्लडप्रेशर मोजलं का? कपाळाला डावीकडे आठ्या पडतात का? पडत असतील तर घोटाळा मेंदूत असू शकतो, तडक मोठं हॉस्पिटल गाठा. कान कोणी पाहिला? आणि डोळा कोरडा पडू देऊ नका, थेंब आणि रात्री मलम विचारून घ्या.

मालूआजी: आमच्यात तेल चोळून शेक देतात.

पांढरा कोट: आजी, शेक नको. कातडी भाजेल.

चिऊची आई: आठ्या पडत नाहीत. बीपी, रक्त ठीक. कानवाल्यांनी आज पाहिलं, डाव्या पडद्यामागे पू आहे. आठवडाभर ती तोच कान ओढत होती आणि मी म्हणत होते, दाढा येतायत. अँटिबायोटिक सुरू झालं, उद्या पडद्याला छेद देऊन पू काढणार आहेत.

रगेल कोल्हापूरकर: बरं झालं. पण स्टिरॉइडचं काय ठरलं?