किडनी अधू असेल तर लोहाचं औषध

किडनी अधू असलेल्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या एमआरआयमध्ये गॅडोलिनियमशिवाय (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते नेहमीचं औषध) नीट दिसतील का, या प्रश्नावर थोडं सांगतो. जळगावच्या आमच्या मामांचं डायलिसिस चालू आहे, म्हणून हे मी जीव लावून वाचलं.

त्याऐवजी वापरता येतं ते फेरुमॉक्सिटॉल, म्हणजे शिरेतून द्यायचे लोहाचे अतिसूक्ष्म कण. अमेरिकेत २००९ साली मान्यता मिळाली ती किडनीच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी. रक्तवाहिन्यांच्या एमआरआयसाठी डॉक्टर ते स्वतःच्या निर्णयाने वापरतात. गॅडोलिनियम किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी अधू असेल तर अडचण. हे कण मात्र तासन्‌तास रक्तातच फिरतात, त्यामुळे बारीक वाहिन्याही सावकाश टिपता येतात. पुढे ते लोह शरीरच वापरून टाकतं.

पण तीव्र ॲलर्जीचा धोका खरा आहे, २०१५ मध्ये एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) तसा कडक इशारा दिला. म्हणून सलाईनमधून हळूहळू, देखरेखीखालीच. आणि तीन महिन्यांत दुसरा एमआरआय निघाला, तर हे औषध घेतल्याचं तिथे आधी सांगाच, कारण या लोहाचा परिणाम त्या चित्रांवरही दिसू शकतो.