स्थलांतराच्या माहितीपटात सगळा भाव मगरीलाच का?

माळरान
रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून आफ्रिकेतल्या सेरेंगेटी मैदानातल्या प्राण्यांच्या स्थलांतरावरचा माहितीपट पाहिला. छायाचित्रण अफाट, त्याबद्दल तक्रार नाही. पण निम्म्याहून जास्त वेळ नुसती मारा नदी. वाइल्डबीस्ट (गायीएवढी मोठी हरणं) काठावर येऊन थबकतात, ढोल सुरू होतात, पाण्यावर दोन डोळे दिसतात, मग उडी आणि मग जबडा. कार्यक्रम संपल्यावर घरचे म्हणाले, "बिचारे! मगरी खाऊन टाकतात सगळ्यांना."

इथेच माझं डोकं फिरतं. बारा-तेरा लाख जनावरं टांझानिया आणि केनियात मिळून वर्षभर गोल फिरत असतात, पावसाच्या आणि कोवळ्या गवताच्या मागे. फेब्रुवारीच्या आसपास दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या मैदानात माद्या वितात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. दुभत्या मादीला तेच हवं असतं. बहुतेक वासरं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात, म्हणजे शिकाऱ्यांनी खाऊन खाऊन किती खावीत! हे सगळं माहितीपटवाल्यांनी आम्ही चहाला उठून येईपर्यंत उरकलं.

आणि तारेचं कुंपण? एकदाही नाही. केनियात लोइटा मैदानातून माऱ्यात, म्हणजे मासाई मारा अभयारण्यात येणारे वेगळे कळप आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांची संख्या जवळपास चार-पंचमांशाने घटली. मैदानात गव्हाची शेती आली, जमिनीचे तुकडे पडले, तारा आल्या. स्थलांतर ज्याने खरोखर संपतं ते दाखवायचं नाही आणि मगरीला खलनायक करायचं, ही सरळ फसवणूक आहे.

टपरीवरचा_चहा
फसवणूक वगैरे जरा जास्तच झालं. लोक जेवता जेवता टीव्ही बघतात, त्यांना केनियाचा सातबारा वाचून दाखवलात तर पहिल्या घासाला चॅनेल बदलतील. मगर होती म्हणून तुमच्या घरचे शेवटपर्यंत बसले. ग्झिमेक या जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बापलेकांचा सेरेंगेटीवरचा १९५९ चा माहितीपट घ्या. ऑस्कर मिळालं, जर्मनीतल्या लोकांनी कधी न पाहिलेल्या मैदानासाठी खिशात हात घातला. आधी प्रेम, मग अभ्यास.

माळरान
आणि त्याच १९५९ मध्ये सेरेंगेटीतल्या मासाई या गुराखी समाजाला गुरांसकट उठवून शेजारच्या न्गोरोंगोरोकडे पाठवलं. 'माणूस नसलेलं रान' पडद्यावर फार छान दिसतं. ते प्रेम कुणाच्या जिवावर, तेही बघा.

निळी_छत्री
तुमचा वाद चालू द्या, आमच्याकडे वेगळंच झालंय. माहितीपटात एक वासरू उभ्या दरडीवरून तीनदा घसरलं, आई वर उभी राहून ओरडतेय. लेक रडून बेजार. "कॅमेरावाल्या काकांनी त्याला वर का नाही ओढलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच का नाही ओढलं? अंटार्क्टिकात नाही का, २०१८ मध्ये दाखवलेल्या मालिकेत घळीत अडकलेल्या पेंग्विनांसाठी चित्रीकरण करणाऱ्यांनी बर्फात उतार खणून दिला होता?

जीवशास्त्रवाल्या_बाई
निळी छत्री, दोन्हींत फरक आहे. तिथे उतार खणल्याने कुणाच्या तोंडचा घास गेला नाही. माऱ्यात बुडालेली जनावरं म्हणजे नदीचं अन्न. २००१ ते २०१५ या काळाच्या अभ्यासात वर्षाला सरासरी ६,२५० वाइल्डबीस्ट बुडाल्याचं आढळलं, साधारण १,१०० टन. यांतली फार थोडी जनावरं मगरींच्या पोटात जातात, कारण मगरी लवकर तृप्त होतात. बाकी गिधाडं, मराबू करकोचे आणि मासे. हाडं तर वर्षानुवर्षं विरघळत राहतात आणि त्यांतला फॉस्फरस पाण्यात उतरत राहतो. म्हणजे "मगरी सगळ्यांना खातात" हेही खोटं. ती जनावरं मरतात चेंगराचेंगरीत, उभ्या दरडीखाली आणि ओढीच्या पाण्यात.

लेकीला हे सगळं आज नका सांगू. रडू द्या, त्यात वाईट काही नाही.

निळी_छत्री
बाई, तर्क पटला, पोटात मात्र उतरत नाही. एक वासरू वाचवून नदी उपाशी मरणार नव्हती.

खारे_शेंगदाणे
खऱ्याखोट्याचं निघालंच आहे तर लेमिंग आठवा. १९५८ च्या एका अमेरिकी माहितीपटात लेमिंग स्थलांतर करताना समुद्रात जीव देतात असं दाखवलं. उंदरासारखे हे प्राणी विकत आणून कॅनडात आल्बर्टामध्ये नदीत ढकलले होते, जिथे समुद्रच नाही. डोळे झाकून मागे जाणाऱ्यांना 'लेमिंगसारखे' हा शेरा जग अजून मारतंय. आणि तुम्ही ऐकलेल्या टापांचे आवाजसुद्धा बहुतेक स्टुडिओतले असणार, लांबच्या भिंगातून आवाज येत नसतो.

लेन्सवाला
मी माऱ्याला ऑगस्टमध्ये जाऊन आलोय म्हणून सांगतो. पडद्यावर नदी मोकळी दिसते ना? समोरच्या काठावर गाड्यांची रांग असते. वायरलेसवर कुणीतरी 'क्रॉसिंग' म्हणालं की सगळे ड्रायव्हर धूळ उडवत सुटतात. आमच्यासमोर एक मादी उतारावर आली, पाण्याला नाक लावलं, मागचे दाटीने पुढे सरकत होते. तेवढ्यात एका गाडीने फोटोसाठी काठाच्या टोकापर्यंत मुसंडी मारली. मादी वळली आणि तिच्या मागे अख्खा कळप वळला. गाडीतले लोक चिडले, वाइल्डबीस्टवर! त्यांना पडद्यावरचं सगळं पाच मिनिटांत हवं होतं. हे वेड माहितीपटांनीच लावलंय, त्यामुळे माझं मत माळरानकडे.

टपरीवरचा_चहा
लेन्सवाले, तुम्हीही त्याच रांगेत होतात, जबडा टिपायलाच ना? चिडू नका, मुद्दा पुढे आहे. अभयारण्याला लागून मासाईंच्या मालकीच्या जमिनी आहेत. तिथल्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेल्या खाजगी जमिनी चालवणाऱ्या संस्था, त्यांना भाडं देतात, कुंपण घालू नये आणि जनावरांना वाट राहावी म्हणून. ते भाडं येतं पर्यटकांच्या पैशांतून, आणि पर्यटक येतो मगर बघून. तुमच्या तारेला अडवणारी तीच मगर आहे. आता बोला.

माळरान
बोलतो. मग हे भाडं दाखवा की! त्यात नाट्य नाही म्हणता? बोट्स्वानात १९६८ मध्ये घातलेल्या कुंपणाने ओकावांगोच्या पाणथळीपासून माकगाडिकगाडीच्या गवताळ माळापर्यंतची झेब्र्यांची वाट बंद पडली. २००४ मध्ये ते काढलं. मधल्या छत्तीस वर्षांत जुनी वाट चाललेला एकही झेब्रा जिवंत उरला नसणार. तरी काही वर्षांतच झेब्रे पुन्हा त्या वाटेने चालताना जीपीएस पट्ट्यांवरून दिसले. आईने दाखवलेली नसताना सापडली कशी? मला एक पूर्ण भाग यावर हवाय, ढोल न वाजवता.

टपरीवरचा_चहा
झेब्रे चालतायत, गळ्यात पट्टा, मागे सपाट माळ. दहाव्या मिनिटाला तुमच्याच घरचे झोपतील.

जीवशास्त्रवाल्या_बाई
त्या भागात एक गोष्ट मात्र ठेवा. बोट्स्वानातल्या तसल्या तारा कुणी हौसेने ताणल्या नव्हत्या. जंगली म्हशींकडून गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये, म्हणून सरकारने घातल्या. रोग पसरला की युरोपात जाणारं गोमांस अडतं आणि गुराख्याच्या हातात काही पडत नाही. माळरान, तुमच्या माहितीपटात त्या गुराख्याला काय करणार? त्यालाही मगर?

माळरान
त्याला बोलू द्यायचं, निवेदकाने मध्ये न तोंड घालता.

टपरीवरचा_चहा
बघा, आता प्रायोजकही पळाला.