डोळा काढल्यावर बसवलेला गोळा : तपासणी थांबवू नका
तुम्ही विचारलंत, वडिलांचा डोळा काढून खोबणीत गोळा बसवला, जखमही भरली, तर आता दरवर्षी दाखवायला कशाला जायचं? जायलाच हवं. माझ्या भावाचा डोळा लहानपणी विटी लागून गेला, त्यामुळे हे जवळून पाहिलंय.

असे गोळे १८८४च्या सुमारास इंग्लंडचे डोळ्यांचे सर्जन म्यूल्स यांच्यापासून आहेत. त्यांचा काचेचा होता. पुढे अमेरिकेतल्या सॅन दिएगोचे नेत्रतज्ज्ञ आर्थर पेरी यांनी समुद्री प्रवाळापासून केलेला सच्छिद्र गोळा आणला. छिद्रांतून रक्तवाहिन्या आत वाढतात आणि तो शरीराशी एकजीव होतो, ही कल्पना खरंच सुंदर. पण पृष्ठभाग खरखरीत. वरचं पातळ आवरण झिजून गोळा उघडा पडू शकतो, तेही कधीकधी कित्येक वर्षांनी. कृत्रिम डोळा, म्हणजे गोळ्यावरच्या आवरणापुढे बसणारी, बाहेरून दिसणारी वाटी, नीट हलावा म्हणून गोळ्यात भोक पाडून खुंटी बसवत. तिथे स्राव, मांसांकुर (मांसाची छोटी वाढ), जंतुसंसर्ग असे त्रास होत राहिले आणि बऱ्याच सर्जननी ती सोडून दिली.

शिवाय खोबण वर्षानुवर्षं बदलत राहते. वरच्या पापणीवर खळगा पडतो, पापणी उतरते, खालची भाराने सैल होते. भावाचा कृत्रिम डोळा म्हणूनच निसटायचा. खळगा भरायला मोठा डोळा करून घेतला, तर भार वाढून पापणी आणखीच सैल झाली!

वडिलांना चिकट स्राव वाढला, रक्ताचा डाग दिसला किंवा टोचायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता ऑक्युलोप्लास्टीच्या (पापण्या आणि खोबणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या) डॉक्टरांना दाखवा.