मलिक अंबर: लेकीच्या शाळेतल्या कामासाठी माहिती हवी आहे

पैठणची लेक (लेस्टर)

नमस्कार. इकडे ब्रिटनमधल्या शाळांत ऑक्टोबर हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. वर्गात प्रत्येकाने एक व्यक्ती निवडून तिच्यावर बोलायचं आहे. बहुतेक मुलं रोझा पार्क्स नाहीतर मार्टिन ल्यूथर किंग घेतात. हिने मलिक अंबर घेतला. उन्हाळ्यात आजोबांनी छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचं औरंगाबाद) भडकल दरवाजा दाखवला होता आणि "हा बांधणारा माणूस आफ्रिकेतून आला होता" एवढं सांगितलं होतं, ते तिच्या डोक्यात राहिलं.

बाईंना नाव नवीन होतं. त्यांनी विचारलं, गुलामांच्या व्यापाराशी याचा काय संबंध? मला नीट सांगता येईना. शाळेत आम्हाला अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर, गनिमी कावा आणि शहाजीराजे एवढंच होतं. तो आला कुठून, कसा, यावर एक ओळ नव्हती.

दुसरी अडचण शब्दाची. आमच्या घरी दांडगट पोराला "हबशी आहेस नुसता" म्हणत. लेकीबरोबर हे काम करणारी मैत्रीण इथिओपियाची आहे. तिच्यासमोर हा शब्द कसा उच्चारू?

भटक्या

पाणचक्कीचे फोटो दाखवा. मलिक अंबरनेच बांधली ती. पाण्यावर फिरणारं जातं मुलांना आवडेल.

नहरवाले काका

पाणचक्की मलिक अंबरची नाही. ती त्याच्यामागे शंभरावर वर्षांनी, अठराव्या शतकात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी झाली आणि तिची नहर (पाणी आणणारा बांधीव कालवा) वेगळी आहे. आमच्या गावातले लोकही ही गल्लत करतात, म्हणून आधी ते सांगितलं.

ताई, माझं वय चौऱ्याहत्तर. पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं नोकरी केली. लहानपणी जुन्या शहरात आमच्या वाड्यातल्या हौदात नहरीचं पाणी यायचं, आणि घरात नळ आल्यावरही आजी देवाला नहरीचंच घ्यायची. त्यामुळे हा माणूस मला लढायांच्या आधी पाण्यातून भेटला.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पहिल्या तीस वर्षांत आहे. साधारण १५४८ मध्ये इथिओपियात जन्म, नाव चापू. पोरवयातच विकला गेला. तांबड्या समुद्रावरचं मोखा बंदर, तिथून बगदाद. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे दख्खनमध्ये आणून निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याला विकलं. चंगेजखानही हबशी, तोही एकेकाळी विकला गेलेला. आफ्रिकेतली माणसं अटलांटिकपार नेली तशी तांबडा समुद्र आणि अरबी समुद्रावरूनही शतकानुशतकं नेली, हे बाईंना सांगा. इकडे त्यातल्या पुष्कळांच्या हाती तलवार दिली जाई आणि मालक मेल्यावर सुटून वर चढायला वाट असे. म्हणून ते बरं होतं असं मात्र मुलीला सांगू नका. आईबापांनी ठेवलेलं नावसुद्धा त्या पोराकडे राहू दिलं नाही.

चंगेजखान वारल्यावर त्याच्या बायकोने अंबरला मोकळं केलं. मग वीस वर्षं थोडे स्वार घेऊन विजापूर, गोवळकोंडा अशी चाकरी. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही संपलीच असं सगळ्यांनी धरलं. यानं परांड्याला त्या घराण्यातला वारस गादीवर बसवला, आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत राज्य चालवलं. जहांगीरला तो कधी हाती लागला नाही. मग बादशहाने चित्र काढवून घेतलं: आपण पृथ्वीच्या गोलावर उभे आणि भाल्याला लावलेल्या अंबरच्या शिरावर बाण मारतोय. अबुल हसनचं ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे, तुम्हाला फार लांब नाही.

आता पाणी. १६१० मध्ये त्याने खडकी गाव वसवलं, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. कोरडा मुलूख. नहर-ए-अंबरीत उत्तरेकडच्या डोंगरात मुरलेलं पाणी भुयारात गोळा केलं आणि नुसत्या उतारावर गावात आणलं. पंप नाही, मोट नाही. ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं, हवेसाठी आणि गाळ काढायला. गावात पाणी आपल्याच दाबाने उंच बंब्यांत, म्हणजे बांधीव मनोऱ्यांत, चढायचं, तिथे दाब मोकळा व्हायचा, पुढे खापराच्या नळांतून हौदात. नोकरीत असताना एकदा आत उतरलो होतो. वर मे महिना, खाली अंगावर काटा येईल असा गारवा, आणि चुन्याचं काम जागच्या जागी. त्या दिवशी हातातलं उतार मोजायचं लेव्हलचं यंत्र मला फार हलकं वाटलं.

१६२४ च्या भातवडीच्या लढाईतही पाणीच. त्याने तिथल्या तलावाचा बांध फोडला आणि मोगल व आदिलशाही फौजांची छावणी चिखलात रुतवली. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

शब्दाचं म्हणाल तर अरबीत इथिओपियाच्या मुलखाला हबश म्हणतात, तिथला तो हबशी. नाशिकचा नाशिककर, तसंच. त्याची शिवी आपल्या घरांत झाली. लेकीला हे असंच सांगा आणि मैत्रिणीलाही ऐकू द्या.

मुरूडकर

काकांनी छान लिहिलंय. एक भर घालतो. जंजिऱ्याचे सिद्दी नवाबही आफ्रिकी वंशाचे, आणि त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत होतं. पण मुलीने फक्त वजीर आणि नवाब सांगू नयेत. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळच्या जंगलात आजही सिद्दी राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, तिथून निसटून घाट चढलेले. त्यांनी शहरं वसवली नाहीत, जीव वाचवला. त्यांचा उल्लेख राहून गेला तर मला फार वाईट वाटेल.

पैठणची लेक (लेस्टर)

काका, दादा, दोघांचेही आभार. काल रात्री दोघींना हे इंग्रजीत करून वाचून दाखवलं. यल्लापूरचे सिद्दीही त्यांनी घेतले आहेत. तक्त्यावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत "चापू" लिहिलंय, आणि मैत्रिणीची आजी तेच नाव अम्हारिक लिपीत काढून देणार आहे. त्याची कबर कुठे आहे, असं मुली विचारतात.

नहरवाले काका

खुलताबादला. दगडी घुमटाखाली, जवळच बायको बीबी करीमाची. औरंगजेबाची कबर पाहायला आलेले लोक इकडे फारसे वळत नाहीत, फार शांत जागा आहे. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत नातवाला घेऊन जातो आणि दोन्ही कबरींचे फोटो पाठवतो. परत येताना एखाद्या बंब्याचाही काढतो. शेजारी नातवाला उभा करतो, म्हणजे मुलींना उंची कळेल.